फुकटच्या सरपणाचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी राळेगाव येथे दिलेले व्याख्यान)



 मी काही वक्ती नाही. मी या गावची माहेरवाशीण आहे. घरोघरी जाऊन माणसांच्या आजारांची आणि त्या आजारांपायी होणाऱ्या खर्चाची माहिती गोळा करावयाची, मग ती जुळवून पाहावयाची, असे माझे काम. त्यातही छातीचे जुने आजार हा माझा विषय. अध्यक्षबाईंनी "आरोग्यावर काहीतरी बोला" असे कळवले होते. आरोग्य हा विषय समुद्राएवढा आहे. मी त्यातील एक ओंजळ घेऊन आले आहे. चुलीचा धूर, त्याने होणारा आजार आणि त्या आजाराचा हिशेब, एवढेच आज सांगणार आहे.

आरंभ माझ्या घरापासून करते. माझे वडील कापसाचे शेतकरी होते आणि हिशेबाला फार पक्के होते. त्यांची एक लांबट वही असे. बियाणे, खत, फवारणी, निंदणाची मजुरी, वेचणीची मजुरी, गाडीभाडे, सारे ते तारीख घालून लिहीत. वहीच्या शेवटी 'किरकोळ' नावाचे एक पान असे. माझी आई बरीच वर्षे खोकत होती. पावसाळ्यात आणि थंडीत तिला धाप लागे. मग दवाखाना, सुई, गोळ्या, कधी सलाईन. हा सारा खर्च त्या किरकोळीच्या पानावर जाई. बाबा गेल्यावर ती वही माझ्या हाती आली. एका रात्री मी सहज त्या पानाची बेरीज मांडली, आणि त्या वर्षीच्या बियाण्याच्या खर्चापेक्षा ती जास्त निघाली. बियाण्याला वहीचे पहिले पान मिळाले होते, आईच्या श्वासाला शेवटचे. यात बाबांचा दोष नव्हता. आजार एकदम आला असता तर त्यांनी बैल विकून खर्च केला असता. पण तो थोडा थोडा आला, आणि थोड्या थोड्या खर्चाला आपल्याकडे किरकोळच म्हणतात.

आता हा आजार आहे तरी काय? आपण खोकल्याच्या आणि धापेच्या प्रत्येक दुखण्याला दमा म्हणतो. डॉक्टर मात्र त्यात दोन निरनिराळे आजार पाहतात. दम्यात श्वासाच्या नळ्या अधूनमधून आखडतात आणि औषधाने बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. दुसऱ्या आजारात वर्षानुवर्षे धूर आत गेल्याने बारीक नळ्या आतून सुजतात, जाड होतात, आणि फुप्फुसातील हवेच्या नाजूक पिशव्या झिजत जातात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. या आजाराला सीओपीडी म्हणतात. यात झालेली झीज भरून येत नाही. ती पुढे वाढू नये आणि माणसाला सुखाने श्वास घेता यावा, एवढे औषधाने साधते. म्हणून तो लवकर ओळखण्याला फार महत्त्व आहे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. स्पायरोमीटर नावाचे यंत्र असते. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने ते 1846 साली लोकांपुढे मांडले. छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि नळीत जोराने, दम संपेपर्यंत फुंकावयाचे. एकूण जितकी हवा बाहेर पडली तिच्यापैकी पहिल्या सेकंदात किती पडली, हे पाहतात. नळ्या मोकळ्या करणारे औषध दिल्यानंतरही तो वाटा शेकडा 70 च्या आत राहिला, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या असे समजतात. चूल फुंकण्यात आपला जन्म गेला. आता आपल्या तब्येतीसाठी एकदा यंत्र फुंकावयास हरकत नसावी!

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा तर बिडी ओढणाऱ्यांचा आजार. आम्ही कुठे बिडी ओढतो? पुष्कळ वर्षे डॉक्टरांचीही हीच समजूत होती. ती हलवण्यात आपल्या देशातील एका स्त्रीचा मोठा वाटा आहे, आणि तिचे नाव या सभेत घेतलेच पाहिजे. डॉ. एस. पद्मावती या आपल्या देशातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. त्यांचा जन्म 1917 साली ब्रह्मदेशात झाला आणि 2020 साली, वयाच्या 103 व्या वर्षी, त्या दिल्लीत वारल्या. 1950 च्या दशकात त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात होत्या. फुप्फुसे बिघडल्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ते थकते, असे पुष्कळ रोगी त्यांच्याकडे येत. त्यांतील 127 रोग्यांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह 1959 साली प्रसिद्ध केला. परदेशात हा पुरुषांचा रोग मानला जाई. येथे मात्र स्त्रियाही मोठ्या संख्येने, आणि त्याही कमी वयात, आजारी पडत होत्या. त्यांपैकी बहुतेकींनी कधी बिडी ओढली नव्हती. मग धूर आला कोठून? तो आला शेणाच्या गोवऱ्यांच्या आणि लाकडांच्या चुलीतून, लहानपणापासून. एका स्त्रीने स्त्रियांकडे नीट पाहिले म्हणून ही गोष्ट उजेडात आली, असे मला वाटते.

पुढे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हाच विषय साऱ्या जगापुढे मांडला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे 100 कोटी, तर लाकूड, गोवऱ्या आणि काडीकचरा यांचा धूर घेणारे सुमारे 300 कोटी, असे त्यांनी दाखवले; आणि सीओपीडीच्या रोग्यांपैकी शेकडा 25 ते 45 जणांनी कधीही धूम्रपान केलेले नसते, असा अंदाज दिला. आपल्या देशापुरते बोलावयाचे तर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार सीओपीडीचे रोगी 1990 साली सुमारे 2 कोटी 81 लाख होते, ते 2016 साली सुमारे 5 कोटी 53 लाख झाले. या आजाराचे जे ओझे आहे, त्यातील निम्म्याहून अधिक घरातल्या व बाहेरच्या दूषित हवेमुळे आणि सुमारे चौथा हिस्सा तंबाखूमुळे, असे त्या गणनेत दिसून आले. म्हणजे बिडी ओढणाऱ्या नवऱ्याला बोलावयाचा हक्क आपल्याला आहेच, पण आपल्या चुलीकडेही एकदा पाहिले पाहिजे.

आता दुसऱ्या अंगाकडे वळते, म्हणजे हिशेबाकडे. आरोग्याचे अर्थशास्त्र असे नाव ऐकले की ते दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत चालणारे काही असावे असे वाटते. खरे म्हणजे ते आपल्या स्वयंपाकघरातच सुरू होते. आजाराच्या खर्चाचे तीन भाग पडतात. पहिला, डॉक्टर, औषध आणि तपासणी यांचा. तो पावतीवर दिसतो. दुसरा, एस. टी. चे तिकीट, सोबत जाणाऱ्याचे जेवण, त्याची बुडालेली रोजी यांचा. तो अर्धामुर्धा दिसतो. तिसरा म्हणजे घरात पडून राहिलेले काम, ते ज्याने उचलले त्याचे गेलेले दिवस, आणि त्यापायी हुकलेल्या पुढच्या गोष्टी. हा तिसरा भाग कोठल्याच पावतीवर नसतो.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ज्या प्रश्नपत्रिका घेऊन गावोगाव हिंडे, त्यांत एक रकाना असे : आजारामुळे किती दिवसांची मजुरी बुडाली? समोरची बाई म्हणे, "मी घरीच असते." मी तेथे शून्य लिही आणि पुढच्या घरी जाई. अशी किती शून्ये मी लिहिली, त्याची गणती नाही. एकदा सुटीत माहेरी आले असताना सहज म्हणून मी तीच पत्रिका आईपुढे धरली. त्या रकान्याशी आल्यावर आई हसून म्हणाली, "मी त घरीच रायतो वो, माया कायचा खर्च?" सवयीने मी शून्य लिहिले. तेवढ्यात माझी धाकटी बहीण पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन आत आली. ती तेव्हा नववीत असावयाची होती. पण आईला विहिरीवरून पाणी आणवेना, भाकरी थापताना धाप लागे, म्हणून बहिणीची शाळा आधी आठवड्यातून दोन दिवस, मग चार दिवस आणि मग कायमची सुटली होती. तिच्याकडे पाहिले आणि लिहिलेले शून्य मला खोडावेसे वाटले. पण खोडून लिहू काय? त्या रकान्यात लिहिण्यासारखा आकडाच मला शिकवलेला नव्हता. ती बहीण आज या सभेत बसली आहे आणि तिची परवानगी घेऊनच मी हे सांगत आहे. माझे शिक्षण झाले, तिचे राहिले, आणि दोघींच्या मध्ये एक चूल होती.

त्या दिवसापासून माझ्या कामाची दिशा बदलली. घरकामाचे मोल कसे धरावे, याच्या रीती अर्थशास्त्रात आहेत हे मी शिकले. एक रीत अशी की तेच काम मजुरीने करून घेतले तर काय द्यावे लागेल, तो आकडा धरावा. दुसरी अशी की काम करणारीने तो वेळ दुसरीकडे लावला असता तर तिला काय मिळाले असते, ते पाहावे. केंद्र सरकारने 2019 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 97, असे दिसले. दिवसाचे सुमारे 5 तास, तेही बाराही महिने, बिनसुटीचे! बाई अंथरुणाला खिळली की हे 5 तास कोणाच्या तरी अंगावर पडतात, आणि बहुधा ते घरातल्या मुलीच्या अंगावर पडतात.

आजाराचे ओझे मोजण्याचे एक माप 1993 च्या जागतिक बँकेच्या अहवालामुळे जगभर गेले. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणात अधू होऊन काढलेली वर्षे यांची त्यात बेरीज असते. आरंभी या मापात तरुण, कमावत्या वयाच्या वर्षाला जास्त वजन होते आणि म्हातारपणाच्या वर्षाला कमी. त्यावर पुष्कळ वाद झाला, आणि 2010 सालासाठी केलेल्या गणनेपासून तो भेद काढून टाकण्यात आला. आता 70 वर्षांच्या आजीचे एक वर्ष आणि 30 वर्षांच्या मुलाचे एक वर्ष सारखेच मोजले जाते. माप माणसांनी केलेले असते आणि चुकले तर माणसेच ते सुधारू शकतात, हे यावरून आपण लक्षात ठेवावे.

आता उपायांकडे येऊ. आपल्या गावाहून वर्धा नदी ओलांडून गेले की वर्ध्याची मगनवाडी लागते. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम तेथून पाहू लागले. स्वयंपाकघरातला धूर कमी व्हावा म्हणून धुराड्याची एक चूल तेथे 1940 च्या दशकात तयार झाली आणि मगन चूल या नावाने देशभर गेली. पुढे केंद्र सरकारने 1980 च्या दशकात सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम काढला, तो 2002 साली बंद झाला. पुष्कळ चुली वर्षा-दोन वर्षांत मोडल्या. धुराडी काजळीने भरली, ती साफ करावयास कोणी शिकवले नव्हते. पण म्हणून धुराड्यात अर्थ नाही असे समजू नये. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तेथे लोक घरात उघड्यावर कोळसा जाळीत. त्यांनी धुराड्याच्या शेगड्या बसवल्यावर सीओपीडीचे प्रमाण घटले, हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र फायदा ठळक दिसावयास 10 वर्षे लागली. चुलीच्या बाबतीत अडचण नेमकी हीच आहे. खर्च आज करावा लागतो, आणि नफा 10 वर्षांनी, न लागलेल्या धापेच्या रूपाने मिळतो. न लागलेली धाप डोळ्यांना दिसत नाही.

गॅसचेही तसेच. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि अनेक घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला. तरी 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत खेड्यांतील 100 घरांपैकी सुमारे 43 घरेच स्वयंपाकाला गॅससारखे स्वच्छ इंधन वापरताना आढळली. आपल्या राज्याने 2024 साली पात्र कुटुंबांना वर्षाला 3 सिलिंडर मोफत देण्याची योजना जाहीर केली. पण आपण बायकाच गॅस पाहुणे आले की पेटवतो आणि रोजची भाकरी चुलीवर करतो. कारण विचारले तर म्हणतो, पऱ्हाट्या फुकट आहेत, तुराट्या फुकट आहेत. सिलिंडरला एकरकमी पैसे मोजावे लागतात. भगिनींनो, ज्या हातात रोजची मजुरी रोज येते, त्या हाताला एकरकमी पैसे काढणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. त्यात आळस नाही आणि अडाणीपणाही नाही. पण पऱ्हाट्या फुकट आहेत, हे मात्र मी आता मान्य करीत नाही. आमच्या घरी त्या पऱ्हाट्यांची किंमत बाबांच्या किरकोळीच्या पानावर होती, आणि उरलेली माझ्या बहिणीच्या दप्तरात.

औषधाविषयी एक समजूत दूर करावयाची आहे. डॉक्टरांनी ओढण्याचा पंप दिला की घरचे म्हणतात, "नको, पंपाची सवय लागते." असे काही नाही. पंपातून औषध थेट नळ्यांत जाते म्हणून ते फार थोडे पुरते. साल्ब्युटामॉल या नेहमीच्या औषधाची 4 मिलिग्रॅमची एक गोळी घ्या. पंपाच्या एका झोताने 100 मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे एका गोळीतले औषध 40 झोतांइतके झाले! गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते, ते त्यामुळेच. पंप महाग वाटतो, पण तो वेळेवर आणि नीट घेतल्याने दवाखान्यात दाखल होण्याची एक वेळ जरी टळली तरी पैसे वसूल होतात. सरकारी विम्याच्या योजना मुख्यतः दाखल झालेल्या रोग्याला उपयोगी पडतात. रोजच्या औषधाचे पैसे पुष्कळदा आपल्याच पदराला असतात. देशाच्या आरोग्य-खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 साली शेकडा 64 होता, तो 2021-22 साली शेकडा 39 वर आला. तरी तो थोडा नाही.

शेवटी मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. ज्या घरात बाई खोकते, त्या घरी आजपासून एक पान वेगळे काढा आणि त्यावर किरकोळ असे लिहू नका. दवाखाना, तिकीट, बुडालेली रोजी आणि मुलीच्या शाळेचे चुकलेले दिवस, सारे त्यावर मांडा. वर्षाने ती पाने एकत्र करून येथेच वाचू. त्या बेरजेचे जे होईल ते मी सांगू शकत नाही, पण ग्रामसभेत ठेवावयास ती नक्की उपयोगी पडेल.

दुसरी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर प्रथम सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, कारण तो क्षय असू शकतो. आणि क्षय बरा झाल्यावरही काहींची फुप्फुसे दुबळी राहतात. क्षय नसेल आणि चढावर, कामात दम लागत असेल, तर यवतमाळला किंवा सेवाग्रामला जाऊन फुंकण्याच्या तपासणीविषयी विचारा. "वय झाले" हे उत्तर तपासणीच्या आधी देऊ नका, घेऊही नका.

तिसरी. आपल्या बचतगटांतून आपण बी-बियाण्याला आणि लग्नाला कर्ज देतो. सिलिंडर भरण्यासाठी लहानसे, बिनव्याजी उसने देता येईल का, याचा विचार व्हावा. ज्यांना चूल सोडणे शक्यच नाही त्यांनी सरपण कोरडे वापरावे, चूल शक्य तर ओसरीवर किंवा धुराड्याखाली ठेवावी, आणि तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन तिच्यापुढे बसू नये. रात्री बंद खोलीत डासांची कॉइलही लावू नये; एका कॉइलमधून बारीक कणांचा जो धूर निघतो, तो 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतका असल्याचे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

माझ्या आईला शेवटच्या दोन वर्षांत पंप मिळाला आणि तिने गॅसवर भाकऱ्या केल्या. "चुलीची चव नाही याले," असे ती म्हणत असे. पण संध्याकाळी शेजारणीशी बोलत ती ओट्यावर बसे आणि तिचे वाक्य मध्ये तुटत नसे. एवढे सुख तिला 20 वर्षे आधी देता आले असते, ही माझी खंत आहे. आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला ती येऊ नये.